‘गेमिंग’ या शब्दाला घाबरू नका आणि भुलूही नका

घरची कामं आवरत, भाजी निवडत, मशीनवर बसून जिथून ऐकत असाल तिथून ऐका. आजचा विषय तुम्हाला जरा वेगळा वाटेल. आपण शेळी, म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या खरेदीवर पुष्कळदा बोललो आहोत. आज बोलायचंय गेमिंग लॅपटॉपच्या खरेदीवर. हसू नका. गेल्या वर्षभरात मी ज्या गटांच्या बैठकांना जाते, तिथे अंतर्गत कर्जाच्या मागणीत हा शब्द वरचेवर यायला लागलाय. साठ हजारांपासून पुढे लाख, सव्वा लाख अशी ही वस्तू. म्हणजे एका चांगल्या दुभत्या म्हशीची किंमत. म्हैस घेताना आपण दात बघतो, सड बघतो, दोन वेळचं दूध समोर काढून घेतो. मग लॅपटॉप घेताना नुसत्या झगमगीत दिव्यांकडे बघून पैसे का मोजायचे?

आधी शब्दाबद्दल. ‘गेमिंग’ म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसांना वाटतं, पोरं पैसे लावून जुगार खेळणार. ते वेगळं प्रकरण. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी घातली आहे, आणि ते खेळ साध्या मोबाइलवर चालत होते, त्यांना लाखाचा लॅपटॉप लागत नव्हता. गेमिंग लॅपटॉप म्हणजे ज्यात चित्रं रंगवण्यासाठी वेगळी, जोरकस चिप बसवलेली असते असं यंत्र. त्या चिपला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तीच चिप अ‍ॅनिमेशन, इमारतीचं त्रिमितीय चित्र, व्हिडिओची काटछाट अशा कामांना लागते. म्हणून अ‍ॅनिमेशन शिकणारी मुलगी दुकानात गेली की दुकानदार तिला गेमिंगच्याच फळीकडे नेतो.

आमच्या एका गटात हेच झालं. एका ताईंची मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते. कॉलेजच्या संगणकावर तिला आठवड्यातून मोजके तास मिळतात, बाकीचं काम अडून राहतं. तिने गेमिंग लॅपटॉपचं नाव काढलं आणि वडील म्हणाले, “पोरीला खेळायचं यंत्र कशाला? मोबाइल आहे की.” त्याच महिन्यात त्याच गटातल्या दुसऱ्या एका काकूंनी मुलासाठी कर्ज मागितलं. त्याला मात्र खरंच खेळायलाच हवा होता, आणि घरात त्याला कोणी ‘कशाला’ असं विचारलेलं नव्हतं. गटाकडे त्या वेळी एकच मोठं कर्ज देण्याइतकी शिल्लक. दहा बायका, दोन अर्ज. निर्णय कसा झाला ते सांगते, पण त्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून काय काय समजून घेतलं ते ऐका, कारण त्याशिवाय तो निर्णय नुसता तोंडं बघून झाला असता.

पहिली गोष्ट, लॅपटॉप नंतर, कामाची यादी आधी. मुलाला किंवा मुलीला कागद द्या. कोणती सॉफ्टवेअर वापरणार, कोणते खेळ खेळणार, त्यांची नावं लिहायला सांगा. प्रत्येक सॉफ्टवेअरची कंपनी ‘किमान इतकं हवं’ आणि ‘चांगलं चालायला इतकं हवं’ असे दोन आकडे स्वतःच जाहीर करते. खेळांचंही तसंच. ते दोन्ही आकडे नावासमोर लिहायचे. त्या मुलीच्या यादीत ब्लेंडर होतं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण त्याला ग्राफिक्स कार्ड चांगलं असलेलं बरं. यादी हातात आली की दुकानदाराचं ‘हे घ्या, सगळं पळेल’ हे वाक्य आपोआप दुबळं होतं.

आता आतले भाग. आपल्या स्वयंपाकघरातून समजून घेऊ.

प्रोसेसर म्हणजे आचारी. हुशार, सगळी कामं येणारा, पण संख्येने थोडा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नघरी पोळ्या लाटायला बसलेल्या बायका. एकीला एकच काम, पण एकदम सगळ्या लाटतात म्हणून हजार पोळ्या होतात. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवायचे हे काम तसंच आहे. म्हणून खेळ आणि अ‍ॅनिमेशन यांत आचाऱ्यापेक्षा पोळ्या लाटणाऱ्यांची फळी मोठी असणं महत्त्वाचं.

रॅम म्हणजे ओटा. काम चालू असताना जे समोर मांडून ठेवायचं ते ओट्यावर. ओटा लहान असला की एक भांडं उचला, दुसरं ठेवा, यातच वेळ जातो. आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. सगळा साठा तिथे. दुकानदार ‘५१२’ म्हणतो तेव्हा तो ओट्याबद्दल बोलतो की कोठीबद्दल, हे एवढ्याने कळतं.

आता एकेकाला पारखू या.

प्रोसेसरवर आय-५, आय-७, रायझन-५, रायझन-७ असं लिहिलेलं असतं. मोठा आकडा म्हणजे चांगला, एवढंच आपल्याला सांगतात. पण पुढे लांबलचक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं. ‘यू’ असेल तर ती वीज वाचवणारी, कमी ताकदीची जात. ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ असेल तर ती जोरकस जात. ‘यू’वाल्या आय-७ पेक्षा ‘एच’वाला आय-५ जड कामात भारी पडू शकतो. रायझनच्या ७ हजारांच्या मालिकेत आणखी एक खुबी आहे. ७५२०, ७७३५, ७८४० असे क्रमांक असतात. त्यातला पहिला ७ बघून सगळे नवे वाटतात, पण आतली रचना जुनी की नवी हे तिसरा आकडा सांगतो. २ असेल तर बरीच जुनी, ३ असेल तर मधली, ४ असेल तर नवी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं होऊ नये म्हणून तिसऱ्या आकड्यावर बोट ठेवायचं.

ग्राफिक्स कार्ड बहुतेक लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया कंपनीचं असतं. आरटीएक्स ३०५०, ४०५०, ४०६०, ५०६० अशी नावं. पहिले दोन आकडे पिढी सांगतात, शेवटचे दोन दर्जा. कार्डाची स्वतःची वेगळी मेमरी असते, ती विचारा. ३०५० हे नाव ४ जीबीमध्येही येतं आणि ६ जीबीमध्येही येतं. ४०५० ला ६ जीबी, ४०६० ला ८ जीबी. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि आता तो प्रश्न, जो विचारला की दुकानदार एकदा वर बघतोच. “या कार्डाला वॅट किती दिलेत?” आपल्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटर असते, पण व्होल्टेज कमी आलं तर पाणी बारीक पडतं. तसंच हे. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वेगवेगळ्या ताकदीवर चालवता येतं. किती वॅट द्यायचे ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणजे दोन लॅपटॉपवर कार्डाचं नाव एकच, पण एक पळतो आणि दुसरा दम खातो. स्वस्त पडतोय म्हणून आनंदाने उडी मारण्याआधी हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात शोधायचा. दुकानातल्या चिठ्ठीवर तो बहुधा नसतो.

रॅम ८ जीबी की १६? आज गेमिंगच्या किमतीचा लॅपटॉप घेताना १६ धरून चला. विचारायचं ते असं: आत पट्ट्या किती? एकच आठची पट्टी आहे की आठच्या दोन? दोन असल्या तर काम अधिक वेगाने होतं. दुसरी पट्टी बसवायला जागा रिकामी आहे का? की रॅम मूळ पाटीवरच डकवलेली आहे? डकवलेली असेल आणि जागा नसेल तर वाढवणं नाही.

कोठी ५१२ जीबीची घेतली तर यंत्र ४७६ च्या आसपास दाखवतं. ही फसवणूक नाही, मोजायच्या दोन पद्धतींमधला फरक आहे. पण त्यातच विंडोज बसतं, आणि आजचे काही मोठे खेळ एकटेच १०० जीबीहून जास्त जागा खातात. म्हणून दुसरी एसएसडी बसवायची जागा आहे का, तेही विचारून ठेवा. असेल तर आज ५१२ घेऊन पुढे वाढवता येते.

पडद्यावर ‘१४४ हर्ट्‌झ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलू शकतं. खेळणाऱ्याला त्याचं महत्त्व. पण रंगाचं काम शिकणाऱ्या मुलीला दुसरा आकडा हवा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर रंग फिके समजायचे, ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर रंगाच्या कामाला चांगला. पातळ तोच असला तरी दुकानाच्या उजेडात एक रंग दिसतो आणि घरी दुसराच, तसं तिचं होऊ नये.

बॅटरीबद्दल स्पष्टच बोलते. गेमिंग लॅपटॉप जड कामाला बॅटरीवर फार टिकत नाही, तास-दोन तासांचं गणित धरा. शिवाय चार्जर काढला की ताकदही कमी होते. ज्या गावात दुपारी वीज जाते तिथे हा मुद्दा छोटा नाही. चार्जर १५० ते २३० वॅटचा, वजनाने विटेसारखा. दिवसाला चार तास, सरासरी १५० वॅट धरले तर ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. वीजबिलात तेवढी वाढ धरायची. तीन पिनांचं चांगलं बटण आणि अर्थिंग ठीक हवं. आणि गादीवर, गोधडीवर ठेवून चालवायचा नाही. हवा खालून आत जाते, ती कोंडली की यंत्र तापतं आणि आपोआप हळू होतं.

आता किंमत. मैत्रिणींनो, किमतीच्या कागदावर तीन आकडे असतात. छापील किंमत, तिच्यावर काट मारून लिहिलेली सवलतीची किंमत, आणि आपल्या खिशातून खरोखर जाणारी किंमत. ‘३५ टक्के सूट’ याला काही अर्थ नाही, कारण ती छापील किमतीवर असते. तुलना फक्त तिसऱ्या आकड्याची करायची.

उदाहरण घेऊ. एक लॅपटॉप ७२ हजारांना. आय-७, रॅम ८, कार्ड ३०५० चार जीबीचं. दुसरा ७६ हजारांना. एचवाला आय-५, रॅम १६, कार्ड ४०५० सहा जीबीचं. पहिल्यावर आय-७ चा बिल्ला आहे आणि तो चार हजारांनी स्वस्त आहे. पण त्याला रॅमची पट्टी नंतर घ्यावीच लागणार, तिचे पैसे मिळवा. कार्डाची मेमरी तर पैसे मिळवूनही वाढणार नाही. मग स्वस्त कोणता? हिशेब मांडल्यावरच दुसरा पुढे येतो.

या हिशेबात आणखी ओळी असतात. विंडोज आत आहे की वेगळं घ्यायचं? बॅग, माऊस खरंच फुकट की बिलात धरलेले? वॉरंटी एक वर्ष की दोन? माणूस घरी येऊन दुरुस्त करणार की आपण यंत्र घेऊन जायचं? आपण घेऊन जायचं असेल तर दुरुस्ती केंद्र कुठे आहे? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन हजार कमी पडतात म्हणून तिथून आणला आणि दर वेळी एसटीने जायचं झालं, तर ते दोन हजार दोन फेऱ्यांत संपले.

‘विनाव्याज हप्ता’ या पाटीसमोर जरा थांबा. पैसे फुकट कोणी वापरायला देत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. होतं काय, तर व्याजाइतकी सूट आधी देतात आणि मग व्याज लावतात. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आपणच भरतो. समजा महिना ५ हजारांचे १२ हप्ते, एकूण ६० हजार, आणि बँकेचा दर वर्षाला १५ टक्के. त्यात व्याजाचा भाग सुमारे ४,६०० रुपये, त्यावर जीएसटी सुमारे ८३० रुपये, वर प्रक्रिया शुल्क वेगळं. रक्कम मोठी नाही, पण ‘शून्य’ही नाही. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, “रोख दिले तर किती?” त्या उत्तरातून खरं व्याज कळतं.

गटाचं कर्जही फुकट नसतं. आमच्या त्या गटात शेकडा दोन रुपये महिना असा दर आहे. ४० हजार रुपये २० महिन्यांसाठी घेतले, दरमहा २ हजार मुद्दल फेडलं आणि उरलेल्या मुद्दलावरच व्याज लावलं, तर एकूण व्याज ८,४०० रुपये. तेच सबंध ४० हजारांवर शेवटपर्यंत लावलं, तर १६ हजार. म्हणून ‘दर किती’ एवढं विचारून भागत नाही, ‘कशावर’ तेही विचारायचं. फरक एवढाच की गटाचं व्याज गटातच राहतं, आपल्याच दहाजणींच्या पासबुकात.

आता त्या दोन अर्जांचं सांगते. काकूंच्या मुलाला बैठकीला बोलावलं. आम्हाला वाटलं होतं, तोंड फुगवून बसेल. पण आतल्या भागांची सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती. वॅटचा मुद्दा आम्हाला त्यानेच समजावला. त्याने वहीच्या दोन पानांवर उभ्या-आडव्या रेघा मारून तक्ता केला. डावीकडे प्रोसेसर, कार्ड, वॅट, रॅम, पट्ट्या, एसएसडी, पडदा, वजन, वॉरंटी, दुरुस्ती केंद्राचं अंतर, हातात पडणारी किंमत. वर तीन लॅपटॉपची नावं. व्हिक्टस, नायट्रो, टफ ही नावं नुसती आडनावं आहेत, एकेका नावाखाली डझनावारी प्रकार असतात, त्यामुळे पूर्ण मॉडेल क्रमांक लिहायचा, हेही त्यानेच बजावलं. पंधरा दिवस रोजची किंमत तारखेसकट लिहिली. त्या पंधरा दिवसांत एकाच मॉडेलची किंमत चार हजारांनी खाली-वर झाली.

मग त्याच्या स्वतःच्या यादीकडे वळलो. त्याला हवा होता १ लाख १५ हजारांचा. यादीत तीन खेळ. तिन्हींचे आकडे लिहिल्यावर त्यालाच दिसलं की दोन खेळ निम्म्या किमतीच्या यंत्रावरही चालतात. तिसऱ्यासाठी वरचे पन्नास हजार. तो गप्प बसला. काकूच म्हणाल्या, “खेळू दे की, पण दहाजणींच्या बचतीवर नको.” कोणी त्याला नावं ठेवली नाहीत. मुलांनी खेळणं हा गुन्हा नाही. प्रश्न पैसा कोणाचा आणि परत कशातून येणार एवढाच होता.

ताईंच्या मुलीला ४० हजारांचं कर्ज मंजूर झालं, बाकीचे पैसे ताईंनी शिलाईतून साठवले होते. वडिलांना पटवायला तोच तक्ता उपयोगी पडला. ‘गेमिंग’ या शब्दावर ते अडले होते, पण कामाची यादी आणि तिच्यासमोरचे आकडे वाचल्यावर म्हणाले, “मग असं सांगायचं ना.” बिल मुलीच्या नावावर केलं. हे ताईंनी मुद्दाम केलं, आणि मला ते फार आवडलं. घरात वस्तू येते तेव्हा ती कोणाची, हे कागदावर असावं. तिची कामं आता रात्री घरी होतात. काकूंच्या मुलाचा लॅपटॉप अजून झालेला नाही, तो सुट्टीत मोबाइलच्या दुकानात काम करून पैसे जमवतोय.

खरेदीच्या दिवशी काय करायचं, ते भरभर सांगते, लिहून घ्या. खोकं आपल्यासमोर उघडायचं. ऑनलाइन मागवला असेल तर उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. खोक्यावरचा आणि यंत्रामागचा अनुक्रमांक जुळवायचा. यंत्र सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबायची. जी खिडकी उघडते तिच्यात प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड यांची नावं दिसतात. तक्त्याशी पडताळायची. कंपनीच्या वेबसाइटवर अनुक्रमांक घालून वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजली आहे ते बघायचं. बिल पक्कं, जीएसटीसह, अनुक्रमांक लिहिलेलं. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही.

एवढं करूनही काही बिनसलं आणि दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून बिल गटाच्या कागदपत्रांसारखं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा.

पुढच्या बैठकीत कोणी लॅपटॉपसाठी कर्ज मागितलं तर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी दोन कागद मागा. एक कामाच्या यादीचा, एक तक्त्याचा. आणि तक्ता भरायला घरातल्या मुलीला बसवा. तिला येत नसेल तर ती शिकेल. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.